दुसऱ्याच्या आनंदाचे नियोजन

वार्षिक परीक्षा आटोपल्या की, किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की, आपल्या घराघरांतून एक खलबत सुरू होते. पुण्याहून, बंगळूरहून, क्वचित न्यू जर्सीहून मुलगा-सून किंवा लेक-जावई येणार असतात आणि त्यांच्यासोबत तीन-चार वर्षांचे एक छोटे माणूस येणार असते. मुक्काम आठ-दहा दिवसांचा. त्यांतले काही दिवस लग्नकार्यात आणि भेटीगाठींत जाणार, हे ठरलेलेच. पण एक दिवस खास नातवंडासाठी राखून ठेवावयाचा असतो. मग रामोजी फिल्म सिटी की वंडरला, स्नो वर्ल्ड की प्राणिसंग्रहालय, गाडी किती वाजता सांगावयाची, डबा न्यावयाचा की तेथेच जेवावयाचे, आजींना इतके चालणे झेपेल काय, अशा प्रश्नांवर वडीलधारी मंडळी ज्या गांभीर्याने बोलतात, ते गांभीर्य मुंजीच्या याद्या करतानाही दिसत नाही. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे ते मूल त्या वेळी कोपऱ्यात चपलांची आगगाडी करण्यात गढलेले असते.

हा विषय वैचारिक लेखनाच्या पानांवर यावा इतका मोठा आहे काय, असे कोणी विचारील. आम्हांस तो मोठा वाटतो, कारण नीतिविचारातला एक जुना आणि अवघड प्रश्न त्यात घरगुती वेषात येऊन उभा राहिला आहे. दुसऱ्याचे दुःख कसे निवारावे याविषयी आपल्या परंपरेने पुष्कळ सांगितले आहे. भुकेल्यास अन्न द्यावे, तहानलेल्यास पाणी द्यावे. त्याला काय हवे हे विचारीत बसावे लागत नाही. दुसऱ्याला आनंद द्यावयाचा म्हटले की मात्र आपण चाचपडू लागतो. प्रौढ पाहुण्याला आपण विचारतो आणि त्याच्या उत्तरावर विसंबतो. चार वर्षांच्या मुलाला विचारून भागत नाही. ‘बर्फात खेळायला जाऊ या का?’ म्हटले तरी ते ‘हो’ म्हणते, ‘हत्ती बघायला जाऊ या का?’ म्हटले तरी ‘हो’ म्हणते, आणि प्रत्यक्ष दिवस उजाडला की त्याला घरीच राहावयाचे असते. ज्याची संमती धडपणे घेता येत नाही, त्याच्यासाठी आपण एक सबंध दिवस, बराचसा पैसा आणि त्याहून अधिक अपेक्षा खर्ची घालतो. असे करण्याचा अधिकार आपल्याला किती आहे आणि त्याची मर्यादा कोठे येते, एवढाच या लेखाचा विषय.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण मुलासाठी म्हणून वेगळा दिवस काढण्याची रीतच नव्हती. मराठवाड्यातून इकडे आलेल्या कुटुंबांच्या जुन्या बोलण्यात माळेगावची खंडोबाची यात्रा असते. तेथे वडीलमंडळी देवदर्शनास, नवस फेडावयास, किंवा बैल-घोडा घ्यावयास जात. मूल कोणाच्या तरी खांद्यावर बसून जाई आणि एखादी शिट्टी, मूठभर रेवड्या, रहाटपाळण्याच्या दोन फेऱ्या, असे जे वाट्यास येईल त्यावर खूश होऊन परते. हैदराबादेत स्थिरावल्यावर यात्रेची जागा नुमाइशीने घेतली. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पुढाकाराने १९३८ साली बाग-ए-आममध्ये ‘नुमाइश-ए-मस्नुआत-ए-मुल्की’ या नावाने हे प्रदर्शन सुरू झाले. संस्थानात तयार होणारा माल लोकांपुढे मांडावा, हा त्याचा मूळ हेतू. १९४६ पासून ते नामपल्लीच्या मैदानावर भरू लागले आणि आजही जानेवारीत तेथे भरते. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांतली आपली कुटुंबे तेथे जात ती काश्मिरी शालींसाठी, लखनवी कापडासाठी, चिनी मातीच्या बरण्यांसाठी. मुलांना छोट्या आगगाडीत बसविले जाई, पाळण्यात बसविले जाई, पण तो मोठ्यांच्या खरेदीला जोडून आलेला कार्यक्रम असे. १९६३ साली मीर आलम तलावाशेजारी नेहरू प्राणिसंग्रहालय सुरू झाले. तेथेही आजी झाडाखाली सतरंजी पसरून धपाटे-दशम्यांचा डबा उघडण्यात जितकी रमत असे, तितकीच नातवंडे वाघापुढे उभी राहण्यात. प्रत्येकाला आपापले काही काम होते.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. यात्रेत मुले हरवत, उन्हाने कोमेजत, ‘गप्प बस’ या दोन शब्दांवर दिवसभर गप्प बसत. मुलाला काय वाटते हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे, हे ओळखण्यात आपली नैतिक प्रगतीच झाली आहे. मात्र त्या जुन्या व्यवस्थेचा एक नकळत घडलेला गुण ध्यानात घ्यावा लागतो. मुलाचा आनंद ही तेव्हा कोणाची जबाबदारी नव्हती, म्हणून तो झाला नाही तर कोणी मुलावर रुसतही नसे.

आजच्या थीम पार्कची कल्पना ज्या प्रसंगातून निघाली असे सांगतात, तोही या दृष्टीने बोलका आहे. वॉल्ट डिस्ने सांगत असत की, रविवारी दोन्ही मुलींना घेऊन ते लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसून राहत. आईबाप आणि मुले यांना एकत्र मौज करता येईल अशी एखादी जागा असावी, हा विचार त्यांच्या मनात तेथे आला. १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. मुलींना त्या घोड्यांचा कंटाळा आला होता, अशी काही नोंद नाही. कंटाळा आला होता तो बाकावरच्या बापाला. यात काही गैर नाही, पण मुलांच्या नंदनवनाचा उगम मोठ्यांच्या कंटाळ्यात आहे हे विसरू नये. पुढे ही कल्पना आपल्याकडेही रुजली. मुंबईच्या गोराई भागात १९८९ साली एस्सेल वर्ल्ड आले. आपल्या शहराजवळ विजयवाडा रस्त्यावर, तीसएक किलोमीटरवर, १९९६ साली रामोजी राव यांची चित्रनगरी उभी राहिली. मूळची चित्रीकरणासाठीची ती नगरी सहलींचेही मोठे ठिकाण झाली. २००४ साली स्नो वर्ल्ड आले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आणि २०१६ साली आपल्या रावीर्यालला वंडरला. आता यात्रेला जोडून मूल जात नाही. मुलाला जोडून घर जाते.

या बदलात एक गोष्ट वरवर हिशेबाची, पण परिणामाने नीतीची आहे. नुमाइशीत प्रवेशाचे तिकीट लहानसे असते आणि प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे. मूल कंटाळले, झोपेस आले, तर उठून घरी येण्यात काही बुडत नाही. डिस्नेलँडमध्येही आरंभी अशीच पद्धत होती. प्रत्येक खेळाची निराळी तिकिटे पुस्तकातून फाडून द्यावी लागत. १९८२ साली ती पद्धत बंद झाली आणि एकदा पैसे भरा, दिवसभर काहीही खेळा, अशी सोय झाली. आपल्याकडची मोठी उद्याने याच रीतीने चालतात. सोय मोठी आहे, पण तिच्यापाठोपाठ आपल्या मनात एक शब्द शिरतो: ‘वसूल’. माणशी इतके पैसे भरले, सहा जणांचे इतके झाले, गाडीचे इतके. आता ते वसूल झाले पाहिजेत. दुपारी दोन वाजता मूल आजोबांच्या खांद्यावर मान टाकते, तेव्हा ज्याला झोप आली आहे असे एक जीव म्हणून त्याच्याकडे पाहण्याऐवजी आपण त्याच्याकडे बुडत चाललेली रक्कम म्हणून पाहू लागतो. ‘अरे, अजून तर अर्धेही पाहिले नाही’ असे म्हणून त्याला उठविले जाते. अर्थशास्त्र सांगते की एकदा गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरू नये, कारण थांबले तरी तो परत येत नाही आणि निघाले तरी येत नाही. पण आम्हांस हिशेबाच्या चुकीपेक्षा दुसरी गोष्ट अधिक खटकते. ज्याच्यासाठी म्हणून दिवस काढला, तोच त्या दिवसाची किंमत फेडणारा मजूर होऊन बसतो.

माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःच साध्य आहे असे मानून वागावे, हे जर्मन तत्त्वज्ञ कांट यांचे सूत्र अठराव्या शतकातले. ते वाचताना आपल्यापुढे गुलामगिरी, पिळवणूक असे मोठे विषय येतात. लाडक्या नातवाच्या बाबतीत त्याचा भंग होऊ शकतो हे सहजी सुचत नाही. पण ‘एवढा खर्च केला आणि हा बघा तोंड पाडून बसलाय’ हे वाक्य नीट ऐकले तर त्यात कृतज्ञतेची, हसऱ्या चेहऱ्याची, छायाचित्रात नीट उभे राहण्याची मागणी ऐकू येते. दिलेली वस्तू दान राहत नाही, तिचा व्यवहार होतो. आपल्याकडे फळाची आस सोडून कर्म करावे असे गीता शिकवते. ती शिकवण मोठ्या कर्मांसाठी राखून ठेवण्याची आपली सवय आहे. वस्तुतः तिची कसोटी सहलीच्या दिवशी दुपारी दोन वाजता लागते.

येथे कोणी म्हणेल, तर मग नियोजन करूच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. नियोजनात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करावयास हव्यात. मुलाचे क्लेश टाळणे हे आपल्या हाती असते आणि म्हणून ते आपले कर्तव्य असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. ज्याला निवड करता येते त्याने त्या दिवसांत चार वर्षांच्या मुलाला दुपारभर उघड्यावर फिरवू नये. पाणी, टोपी, बदलण्याचे कपडे सोबत असावेत. बाहेरचे खाणे आत नेऊ देतात की नाही हे आधी विचारून घ्यावे, कारण दहीभाताखेरीज दुसरे न खाणाऱ्या मुलाला तेथल्या पदार्थांवर दिवस काढणे कठीण जाते. घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची उंची निघण्यापूर्वी घरीच मोजावी. चार वर्षांचे मूल साधारणपणे एक मीटर उंचीचे असते. अंगावर काटा आणणाऱ्या मोठ्या खेळांना एकशे वीस, कोठे एकशे चाळीस सेंटिमीटरची अट असते. ही अट सुरक्षेसाठी आहे, कारण आसनाचा पट्टा लहान देहाला धरून ठेवू शकत नाही. आठवडाभर जाहिरातीतले रोलर कोस्टर दाखवून मुलाच्या मनात ते भरवावयाचे आणि खांबावरच्या रेघेपाशी त्याला परत फिरवावयाचे, हे दुःख पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे. टाळता येण्याजोगे दुःख न टाळणे हा निष्काळजीपणा झाला.

उंचीच्या या रेघेविषयी आणखी दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या लहानपणीच्या बहुतेक तिकिटांना उंचीऐवजी वय लागे, आणि वय हे सांगण्यावर असे. रेल्वेत पाच वर्षांच्या आतील मूल विनातिकीट जाते. काचीगुड्याहून परभणी-औरंगाबादकडे निघालेल्या डब्यांत किती पाच वर्षे पुरी झालेल्या मुलांना ‘टीसीने विचारले तर साडेचार सांग’ अशी शिकवण मिळाली असेल, याची गणती नाही. वाचलेले पैसे थोडे असत. मुलाला मिळालेला धडा मात्र पक्का होई, कारण तो आईबापांच्या तोंडून आलेला असे. खांबावरची रेघ असे खोटे बोलू देत नाही, हा तिचा मोठा उपकार. पण मोहाने वाट काढलीच आहे. मुलाला टाचांवर उभे राहा म्हणणारे, बुटात कागद कोंबणारे पालकही असतात. पहिल्या खोट्यात पैसा वाचविण्याचा हेतू होता. दुसऱ्यात ‘आमचा मोठा झाला’ हे दाखविण्याचा. या दुसऱ्या खोट्याची किंमत मुलाच्या जिवाने मोजावी लागू शकते, म्हणून ते पहिल्याहून वाईट.

क्लेश टाळण्याचे हे कर्तव्य एवढे स्पष्ट आहे. आनंद निर्माण करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ती आपल्या हाती नसते. तिच्यासाठी जागा मोकळी ठेवणे एवढेच हाती असते. या मुद्द्याकडे येण्यापूर्वी एका नेहमीच्या आक्षेपाचा विचार करावयास हवा. ‘एवढ्या लहान मुलाला नेऊन काय उपयोग? त्याला कुठे आठवणार आहे?’ हा आक्षेप आपल्याकडच्या जुन्या माणसांचा आवडता आहे, आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने तो खराही आहे. मोठेपणी आपल्याला मागचे आठवते ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनचे. त्याआधीच्या काळावर पडदा असतो, याची चर्चा फ्रॉइड यांनी १९०५ मध्येच केली होती. तीन-चार वर्षांची मुले सहलीचे प्रसंग काही महिने बोलून दाखवतात, पुढे त्यांतले बहुतेक विरून जाते. मग नेण्याचे प्रयोजन काय?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी २०१० सालच्या एका व्याख्यानात श्रोत्यांना एक कल्पना करावयास सांगितले होते. समजा, तुमच्या पुढच्या सुट्टीच्या अखेरीस तुमची सर्व छायाचित्रे नष्ट होणार आहेत आणि तुम्हांस असे औषध दिले जाणार आहे की त्या सुट्टीतले काहीही तुम्हांला आठवणार नाही. तरीही तुम्ही तीच सुट्टी निवडाल काय? या प्रश्नापुढे प्रौढ माणूस थबकतो, कारण आपल्या पुष्कळशा सहली आपण अनुभवण्यापेक्षा आठवण्यासाठी काढतो, हे त्याच्या ध्यानात येते. कानमन यांनी यावरून अनुभवणारा ‘मी’ आणि आठवणारा ‘मी’ असा भेद केला. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र ही कल्पना उरतच नाही. ते औषध त्याला निसर्गाने दिलेलेच आहे. त्याचा आठवणारा ‘मी’ अजून पुरता जन्मास आलेला नाही. त्याच्यापाशी आहे तो अनुभवणारा.

म्हणून ‘आठवणार नाही’ यावरून ‘उपयोग नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. तो निघत असता तर न्हाऊमाखू घालणे, अंगाई गाणे, रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसणे, हे सर्वच निरुपयोगी ठरले असते. त्यांतले काहीही कोणाला आठवत नाही. पाण्याच्या कारंज्याखाली उभे राहून मूल खिदळले, तर ते खिदळणे त्या क्षणी पूर्ण झाले. त्याला पुढच्या स्मरणाच्या तारणाची गरज नाही.

मात्र हे मान्य केले की त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते, आणि ती बहुतेकांना अडचणीची वाटते. मुलाच्या बाबतीत चालू क्षणच खरा असेल, तर चालू क्षणातले त्याचे रडणेही तितकेच खरे. ‘आत्ता रडतोय, पण मोठेपणी फोटो बघून हसेल’ असे म्हणून त्याला केसाळ अस्वलाचा पोशाख घातलेल्या माणसाच्या मांडीवर बसविणे समर्थनीय ठरत नाही. मोठेपणी हसणारा जो कोणी असेल तो दुसराच असेल. रडणारा आज आपल्यापुढे आहे. छायाचित्रे काढू नयेत असे आम्ही म्हणत नाही. दूरदेशी राहणाऱ्या नातवाचे छायाचित्र आजीच्या देवघराशेजारी वर्षभर राहते आणि तिला सोबत करते, हे मोलाचेच आहे. फक्त ते आपल्यासाठी आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. जे आपल्यासाठी आहे त्याची किंमत मुलाकडून मागू नये.

भीतीचा प्रश्नही याच रांगेतला. चाळीस मिनिटे तिष्ठल्यावर, पाळीत पुढे दोनच माणसे उरली असता मूल अचानक ‘मला नको’ म्हणते. मागची माणसे खोळंबलेली, आतला माणूस हाका मारतो आहे, आणि घरातले कोणी तरी म्हणते, ‘घाबरट कुठला!’ कधी कधी हलकेच पुढे ढकलल्याने मुलाची भीती जाते आणि ते पुन्हा बसावयाचे म्हणून हट्ट धरते, हे खरे आहे. प्रत्येक ‘नको’ शेवटचा मानावा असे म्हणता येत नाही. मग निवाडा कशाने करावयाचा? ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीने भावनगरला, आणि पुढे बोर्डी-कोसबाडला जे काम केले, त्यातून महाराष्ट्रात बालशिक्षणाचा एक पाया घातला गेला. मुलाला काही शिकविण्यापूर्वी त्याचे निरीक्षण करावे, हे त्या विचाराचे पहिले पाऊल आहे. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले तर कुतूहल मिसळलेली भीती आणि निव्वळ भीती यांतला फरक बहुधा कळतो. तो कळावयास हवा असेल तर आपली नजर रांगेत घालवलेल्या चाळीस मिनिटांवर नसून मुलावर असावी लागते. घाबरट म्हणून हिणवले गेलेले मूल धीट होत नाही. ते एवढेच शिकते की भीती वाटली तर ती आपल्या माणसांपासून लपवावी.

रांगेचा विषय निघालाच आहे, तर त्यातला आणखी एक पेच मांडतो. काही उद्यानांत अधिक पैसे मोजले की वेगळ्या दाराने लवकर आत जाता येते. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. तिरुपतीला विशेष प्रवेशाचे तीनशे रुपयांचे तिकीट आपल्यापैकी पुष्कळांनी काढले आहे. अमेरिकी विचारवंत मायकेल सँडेल यांनी २०१२ सालच्या आपल्या पुस्तकात अशाच विकत घेतलेल्या रांगांचा प्रश्न उपस्थित केला. प्रथम येणाऱ्यास प्रथम, हा रांगेचा न्याय समतेचा आहे. तेथे किंमत वेळेत मोजावी लागते आणि वेळ गरीब-श्रीमंत दोघांपाशीही दिवसाचे चोवीसच तास असतो. पैसा आला की हा न्याय बदलतो. सोबत गुडघेदुखीच्या आजी आणि कडेवर मूल असेल, तर लवकर आत जाण्याची सोय घेण्यात आम्ही दोष मानणार नाही. परंतु चार वर्षांचे मूलही विचारते, ‘ती मुले उभी आहेत, मग आपण का नाही?’ या प्रश्नाला ‘आजीचे पाय दुखतात म्हणून’ हे एक उत्तर आहे आणि ‘आपण जास्त पैसे दिले म्हणून’ हे दुसरे. गरजेने मिळालेला मान आणि पैशाने मिळालेला मान यांतला भेद मूल येथे प्रथम शिकते. आपल्यापाशी पहिले उत्तर खरेपणाने देता येत नसेल, तर रांगेत उभे राहावे हे बरे.

शिवाय आपल्यासारख्या कुटुंबांच्या दृष्टीने रांगेत एक वेगळेच धन आहे, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपण तीन-चार पिढ्या या शहरात राहिलो. घरात मराठी, शेजारी उर्दू, बाजारात तेलुगू, कचेरीत इंग्रजी, असा संसार आपण सांभाळला आणि विवेकवर्धिनीसारख्या संस्थांच्या आधाराने मराठी टिकवून धरली. पण आता येणारे नातवंड वर्षातून आठ दिवस भेटते, आणि त्या आठांतले तीन-चार दिवस ते कोणत्या ना कोणत्या पडद्यापुढे असते. अशा मुलाशी अर्धा-पाऊण तास सलग, दुसरे काहीही हाती नसताना बोलावयास मिळावे अशी जागा घरात उरलेली नाही. ती उद्यानाच्या रांगेत मिळते. तेथे आजोबांना माळेगावचे घोडे सांगता येतात, रहाटपाळण्याला रहाटपाळणा का म्हणतात हे सांगता येते, रहाट म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते, आणि मग विहीर, मोट, बैल असे करीत गोष्ट कोठच्या कोठे जाते. ज्या खेळासाठी एवढे तिष्ठलो तो दोन-तीन मिनिटांत संपतो. दोहोंपैकी मुलाला काय लाभले हे सांगता येत नाही, पण आजोबांना काय लाभले हे निश्चित सांगता येते. डिस्ने यांच्या मनातले ‘एकत्र मौज करण्याचे’ ठिकाण त्यांनी कल्पिले नसेल अशा जागी, दोन कठड्यांच्या मधोमध, सापडते.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो आम्ही गंभीर मानतो. मुलाच्या प्रत्येक लहरीपुढे मान तुकवावी, त्याने नको म्हटले की घरी परतावे, असे वागून आपण लाडावलेली पिढी घडवीत नाही काय? त्याने थोडा धीर धरावा, दुसऱ्यांचाही विचार करावा, हे त्याने केव्हा शिकावयाचे? उत्तर असे की, शिस्त लावावयाची ती लावावीच. मोठ्या भावंडाचा खेळ पुरा होईपर्यंत थांब, आजी दमली आहे, तिच्याजवळ बस, आपली पाळी नाही, असे त्याला जरूर सांगावे, कारण ते दुसऱ्या माणसांविषयीचे कर्तव्य आहे. त्याच्याकडून मागू नये ते एकच. ‘तू आनंदी हो, कारण आम्ही ठरवले होते,’ ही मागणी करू नये. वागणुकीची अपेक्षा करता येते. आनंदाची करता येत नाही. मोठ्या माणसांतही हा भेद आपण पाळतो. लग्नाला आलेल्या पाहुण्याने नीट वागावे असे आपण म्हणतो, त्याला जेवण आवडलेच पाहिजे असे म्हणत नाही. मुलाला एवढा पाहुण्याचा मान दिला म्हणजे लाड होत नाहीत.

तेव्हा ज्यांना येत्या सुट्टीत हा दिवस आखावयाचा आहे त्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. पाण्याची, सावलीची, झोपेची, खाण्याची आणि उंचीची तजवीज काटेकोर करावी; त्यात कसूर नसावी. पाहावयाच्या गोष्टींची यादी मात्र दोन-तीनांवर थांबवावी आणि बाकीचा दिवस कोरा ठेवावा. कोऱ्या भागात मूल एखाद्या नळाच्या गळतीपाशी अर्धा तास बसेल, किंवा बागेतल्या मुंग्यांच्या मागे जाईल. मुंग्या काचीगुड्यातही होत्या, हे त्याला सुनवू नये. तिकिटाचे पैसे खिडकीपाशीच खर्च झाले असे धरून आत पाऊल टाकावे, म्हणजे दुपारी मूल पेंगू लागले की परत फिरताना कोणाचा जीव अडणार नाही. आणि परतीच्या गाडीत ‘मजा आली ना?’ असे त्याला विचारू नये. आली असेल तर ते आपणहून बोलेल. झोपले असेल तर झोपू द्यावे.